घोड्याच्या पट्टीतलं प्यादं

चाचा, आज भरदुपारी मी नातीवर खेकसले आणि मग मटकन खाली बसले. ट्रंकेत माझ्या त्या एकमेव बुद्धिबळ स्पर्धेतल्या, बरोबरीत सुटलेल्या शेवटच्या डावाचा चाली लिहिलेला कागद सापडला. नातीनं चाली कॉम्प्युटरवर घातल्या आणि म्हणाली, "आजी, शेवटी तू जिंकत होतीस. प्यादं एक घर पुढं टाकायचं, त्याचा वजीर करायचा, संपलं." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नको. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं घोडाच होतं." ती म्हणाली, "असं कुठं असतं? पाहिजे ते मोहरं करता येतं."

शहागंजातल्या तुमच्या शिलाईच्या दुकानात आपण देशी बुद्धिबळ खेळायचो. प्यादं ज्या मोहऱ्याच्या उभ्या पट्टीत शेवटाला पोचेल, तेच मोहरं व्हायचं. स्पर्धा परदेशी नियमांची, म्हणून तुम्ही कुणाकुणाला विचारून मला पढवलंत, "बेटी, तिथं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, याद ठेव." राजा-हत्तीची ती एका चालीतली अदलाबदल, किल्लेकोट, तोही शिकवलात. शेवटाला पोचलेल्या प्याद्याचं काय होतं, एवढं एकच राहिलं. वडिलांनी बजावलं होतं, जिंकलीस तर पुढच्या फेरीला मुंबईला पाठवीन, नाहीतर हे खूळ बंद. खूळ बंद झालं.

त्यानंतर कित्येक दुपारी मशीन थांबवून तुम्ही तोच डाव मांडत राहिलात. "बाविसाव्या चालीला हत्ती कायकू दिला? इथंच जीत व्हती!" मी मान खाली घालून ऐकायची. एकेक चाल तुम्ही उलटीपालटी करून बघितलीत, शेवटच्या प्याद्याला मात्र हात लावला नाहीत, कारण तिथं आपल्या दोघांच्याही लेखी काहीच नव्हतं. आणि मी तो हत्ती जन्मभर उरावर घेऊन फिरले! राग येतोय, चाचा. तुमचा फार राग येतोय.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र मी टाकणार तरी कुठं? पण एक सांगायचं राहिलंय. मी बरोबरी मागितली तेव्हा समोरचा मुलगा दचकला. त्यानं एकदा प्याद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घाईघाईनं हात पुढं केला. काहीतरी चुकतंय, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पंच शेजारीच उभे होते. दारात तुम्ही होतात, इस्त्रीची शेरवानी घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला "मैंने सिखाया इसको" सांगत. पंचांना विचारलं असतं, तर तुम्हाला नियम येत नाहीत हे सगळ्यांना कळलं असतं. मी नाही विचारलं.