शंभर टक्के सुती

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण मशीनवर वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त बसल्या बसल्या केलेला गोड मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला थांबला का? कापडाचं दुकान जोरात असेलच. आम्ही इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे काय, ते पुढे कळेल.)

आमच्या चिमणीला तुम्ही ओळखताच. वय नऊ, आवाज मात्र चाळिशीतल्या हेडबाईंचा. शाळेत कोणी बाई येऊन घराघरांत लपलेल्या प्लास्टिकवर बोलून गेल्या आणि झालं, त्या दिवसापासून घरात झडती सुरू आहे. टी-बॅग बंद, कारण तिच्या कागदातही प्लास्टिक असतं म्हणे. (सुटी चहापत्ती जास्त छान लागते, हे मी अजून तिच्यासमोर कबूल केलेलं नाही.) भांडी घासायच्या स्पंजाच्या जागी वाळल्या घोसाळ्याची जाळी आली. माझं दुपारचं च्युइंगमसुद्धा प्लास्टिकच निघालं आणि ते थेट तोंडातून जप्त झालं. बायको आधी कुरकुरत होती, पण रोज खाली न्यावा लागणारा कचऱ्याचा डबा आठवड्यातून दोनदाच न्यावा लागायला लागला, तशी तीही फितूर झाली.

आता घरात शिंपी असून मी मागे कसा राहणार? तुम्ही दिलेला निळ्या कापडाचा तागा माळ्यावर पडून होता. ('शंभर टक्के सुती, डोळे मिटून शिव' हे तुमचेच शब्द.) तो काढला आणि इमारतीतल्या वीस घरांना दोन दोन अशा चाळीस पिशव्या शिवायला घेतल्या. तिसऱ्या पिशवीला इस्त्री चिकटली. दाजी, तीस वर्षं कात्री धरतोय, एवढ्यावरून मला कापडाची जात कळते. पक्कं पॉलिएस्टर होतं ते, म्हणजे विणलेलं प्लास्टिकच की. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या बाबांनी इमारत प्लास्टिकमुक्त केली, असं चिमणी जिन्याजिन्यातून सांगत सुटली होती, आणि एरवी मला बघून मान फिरवणारा तळमजल्यावरचा कुलूपवाला चक्क सलाम ठोकू लागला होता. मला ते फार गोड वाटलं. उरलेल्या सदतीस पिशव्या मी इस्त्री न करताच दिल्या.

रविवारी गच्चीवर सभा भरली. चिमणीचं भाषण झालं आणि मग प्रयोग. सुती धागा जाळला की राख होते, प्लास्टिकच्या धाग्याची वितळून कडक गोळी होते, हे तिला दाखवायचं होतं. सुती नमुना म्हणून तिनं मोठ्या ऐटीत बाबांच्या पिशवीचा धागा ओढला. लहान मुलीच्या हातात आग नको म्हणून मेणबत्ती माझ्याकडे. पहिल्यांदा मला शिंक आली. दुसऱ्यांदा वारा आला. (वारा म्हणजे मीच.) तिसऱ्यांदा पोरीनं माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं की मी मेणबत्ती खाली ठेवली.

"थांब, चिमणे," मी म्हणालो. "ती पिशवी सुती नाही. मला माहीत होतं."

तिचे डोळे भरून आले. आता ही पोरगी माझ्या कुठल्याही शब्दावर कधीच विश्वास ठेवणार नाही, असं वाटून मला खरोखर रडू यायला लागलं. तिनं बाहीनं नाक पुसलं, कधीपासून माहीत होतं ते विचारलं, तिसऱ्या पिशवीपासून असं मी सांगितलं.

"मग हे सगळ्यांना सांग. मोठ्यानं."

सांगितलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली की छान, प्लास्टिकचा नमुना मिळाला, आता सुती कोण देतंय? मग जो तो आपापल्या अंगावरचे धागे ओढायला लागला. माझा शर्ट, गोळी. शेजारच्या नर्सबाईंची ओढणी, गोळी. कुलूपवाल्याची 'अस्सल सुती' पँट, तिची तर सगळ्यात मोठी गोळी. हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली. शेवटी राख झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या भोकं पडलेल्या बनियनची, जो त्यांच्या सुनेनं तीनदा फरशी पुसायला काढला होता. टाळ्या अशा पडल्या की आजोबा उभे राहून हात हलवू लागले.

पिशव्या फेकायच्या नाहीत, असा चिमणीचा निकाल आहे. चांगली धड वस्तू फेकणं हाही कचराच. फाटेपर्यंत वापरायच्या आणि कमी धुवायच्या, कारण धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात म्हणे. नवीन लागल्या तर लोकांच्या जुन्या सुती चादरींच्या. माझं दुकान चादरींनी भरलंय आणि शेजारीपाजारी काजं-बटणं शिकायला येऊन बसतात. काल चिमणी कापड बेतायच्या टेबलावर चढून माझ्या खांद्याला टेकून झोपली. दाजी, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुमच्यावर राग मुळीच नाही. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : चिमणीला सुट्टी लागली आहे. आठ दिवस तुमच्याकडे राहायला पाठवतोय. खरं तर एवढंच कळवायला पत्र लिहायला बसलो होतो.

आणखी ता. क. : तिला आता रेशीम ओळखायला शिकायचंय. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही दिलेल्या 'शुद्ध रेशमी' शालीचा धागा ताई आनंदानं देणार आहे, तसं तिनं कळवलंय. मागच्या खेपेला त्या शालीला इस्त्री मीच केली होती, दाजी. तेव्हा गप्प बसलो.

शेवटचं : मी अगदी ऐन वेळी बोललो, तरी सुटलो. गाडी शनिवारी सकाळी पोचते. तुमच्या हातात शुक्रवार आहे.