तुझी बातमी मी कापली

प्रिय लियाआंटी,

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसणाऱ्यांतली मी नव्हे, तुला माहीत आहे. पण आज दुपारी खाली लॉबीत एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी घरात भांडी आपटतेय. शेवटी सॅम म्हणाला, "रिबका, ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी बोल. कुकरवर कशाला काढतेस?" राग पुष्कळ जणांवर आहे. त्यातली एक तू आहेस, म्हणून तुझ्यापासूनच सुरुवात करते.

मराठीत लिहितेय. तुला मराठी चारच शब्दांचं यायचं: ये, बस, खा, पुरे. पण इंग्लिशमध्ये मी फार सभ्य होते ग! 'सॉरी टु बॉदर यू'नं सुरुवात करते आणि 'थँक यू'नं संपवते. भांडायचं तर मला ठाण्याचीच भाषा लागते.

आठवतं, आपण पहिल्यांदा कुठं भेटलो? लिफ्टमध्ये. माझ्या हातात चिकाच्या हलव्याचं ताट होतं, नारळाच्या दुधाचा वास सुटला होता. तू विचारलंस, हे काय? मी म्हटलं, "आमचं नवं वर्ष आहे आज." तू डोळे बारीक केलेस. "सप्टेंबरात? कुणाचं?" मी म्हटलं, "ज्यूंचं." त्यावर तू काय म्हणालीस? "हळू बोल!" लिफ्टमध्ये आपण दोघीच होतो, आंटी! अकराव्या मजल्यावर उतरल्यावर, आजूबाजूला बघून, तू माझ्या कानाशी येऊन सांगितलंस की तूसुद्धा ज्यूच आहेस. मला हसू आलं होतं. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

भारतात मराठी बोलणारे ज्यू असतात, यावर तर तुझा विश्वासच बसेना. मी तुला समजावलं की आम्ही बेने इस्रायल, कोकणातल्या गावांवरून आमची आडनावं पडली, पेणचे म्हणून पेणकर. तू टाळी वाजवलीस. तुमच्या इटलीतही तसंच म्हणे! तुझं आडनाव वाल्दोर्सा, कारण तुझं घराणं वाल्दोर्सा गावचं. मग तू विचारलंस, "तुम्हाला तिथून कधी हाकललं?" मी म्हटलं, "कुणीच नाही. आम्ही आपणहून निघालो, नोकरीसाठी." तू म्हणालीस, "नीट आठवून बघ." मी चुकून काहीतरी विसरले असेन, असं तुला वाटत असावं.

ज्या गावाचं नाव तुम्ही पिढ्यान् पिढ्या आडनाव म्हणून मिरवलंत, त्या गावानं तुमचं काय केलं, ते तू मला फार उशिरा सांगितलंस. एका शुक्रवारी, तुझ्या किचनमध्ये, वांगी चिरता चिरता. आजोबांचं औषधांचं दुकान, अख्ख्या गावाचा खोकला त्यांनी बरा केलेला. तुझे वडील तर कोटाला फॅसिस्टांचा बिल्ला लावून हिंडायचे, आपणही देशभक्तच की! आणि मग कायदे आले. तुझं शाळेत नाव घातलं आणि त्याच महिन्यात काढलं. कामवाली गेली, कारण ज्यूंच्या घरी काम करायला बंदी. रेडिओ उचलून नेला. टेलिफोनच्या पुस्तकातून वडिलांचं नाव गाळलं. लढाई सुरू झाली, आणि एका हिवाळ्यात आजोबा वारले.

वडील चार ओळी लिहून पेपरच्या ऑफिसात गेले: आंजेलो वाल्दोर्सा, वय, दफनाची वेळ, सर्वांनी यावे. टेबलामागचा माणूस त्यांच्या वर्गातला. त्यानं कागद वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला. ज्यूंच्या मृत्यूच्या बातम्या छापायच्या नाहीत असा नियम आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाला. चाळीस वर्षं आजोबांनी तोच पेपर घेतला होता!

मला हे ऐकून वांगी फेकून द्यावीशी वाटली होती. रणगाडे तुमच्याकडे, तुरुंग तुमच्याकडे, गच्चीत उभं राहून छाती फुगवून भाषणं ठोकणारा तो हुकूमशहा तुमच्याकडे, आणि भीती कशाची? एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या चार ओळींची! माणसाला मरूही द्यायचं नाही चारचौघांसारखं? कसली ती मर्दुमकी?

दहा पुरुष जमले नाहीत तर कद्दीश नाही, मेलेल्या माणसामागे म्हणायची आपली ती प्रार्थनाच नाही, हे तुला दहाव्या वर्षी कळलं. तू कबरीशी उभी राहून बोटांवर माणसं मोजलीस. सात. तरुण पोरांना सरकारनं नदीकाठी सक्तीच्या मजुरीवर नेलेलं, काही पळालेले, आणि उरलेल्यांना बातमीच पोचली नव्हती. आजोबांना तसेच, काही न म्हणता, मातीत ठेवलं.

पुढं वडिलांना घेऊन गेले. न्यायला आले ते गावचेच शिपाई होते, हे तू दर वेळी आवर्जून सांगायचीस. तू आणि तुझी आई एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून वाचलात, वडील परत आले नाहीत. ते सगळं सांगताना तुझा आवाज कधी हलला नाही. पण 'सात' म्हणताना तुला दर वेळी रडू यायचं.

आणि एवढं होऊन तू गप्प! तुला आठवते ती इटालियन बेकरी? तिथला तो गुबगुबीत म्हातारा ब्रेड बांधता बांधता त्या हुकूमशहाबद्दल म्हणाला होता, "शेवटी चुकला तो, पण रस्ते बांधले, शिस्त आणली, हे मानायला हवं." मी तोंड उघडणार, तोच तू माझी बाही ओढलीस. हातातला ब्रेड काउंटरवर ठेवलास आणि बाहेर पडलीस. गाडीत मी तुझ्यावर ओरडले, "त्याला सांगायचंस की!" तू म्हणालीस, "त्याला माहीत आहे, रिबका. माहीत असूनच बोलतो तो."

आमच्यातही आहेत ना असे. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी लिहितंच, आपल्या देशाला असाच एक कडक माणूस हवा, दोन वर्षांत सगळे सुतासारखे सरळ होतील. एकदा मी तिथं तुझ्या आजोबांची गोष्ट टाईप केली. उत्तरादाखल तिघींनी जोडलेले हात पाठवले आणि एकीनं तिच्या पुरणपोळ्यांचा फोटो टाकला. सरळ करायच्यांत आपणही असू शकतो, असं यांना एकदाही वाटत नाही? तुझ्या वडिलांनाही वाटलं नव्हतं म्हणा.

खालच्या दारावरच्या बझरच्या बोर्डवर तू तुझं नाव कधी घालू दिलं नाहीस. ११०४ पुढे नुसतं 'ऑक्युपाइड', कुणीतरी राहतं एवढंच. मी तुला भित्री म्हणायचे. तोंडावर म्हणायचे! "आंटी, हे मिसिसागा आहे. इथं कॅनडात कोण तुला विचारतंय?" चुकले मी.

आता माझं ऐक.

तू हॉस्पिटलात डोळे मिटलेस त्या सकाळी मी रडत रडत एक कागद छापला. वर तुझा फोटो आणि पूर्ण नाव. खाली दावीदाचा तारा, दफनाची वेळ, जागा, आणि मोठ्या अक्षरांत: कद्दीशसाठी दहा पुरुष हवेत, कृपया या. पुढच्या पिढीतलं तुझं कुणी नाही, मग बिल्डिंगनं तरी यायला नको? लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायला गेले तर मॅनेजर आला. अतिशय गोड माणूस. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. "आय एम सो सॉरी फॉर युअर लॉस, रिबका. फक्त तो खालचा भाग… लास्ट इयर पार्किंगच्या भिंतीवर तुमच्या लोकांबद्दल ते घाणेरडं लिहिलं होतं कुणीतरी, आठवतंय ना? मला सगळ्यांना कम्फर्टेबल ठेवायचंय. स्टार आणि प्रेयरचं तेवढं काढलं तर लगेच लावू." आणि सिक्युरिटीच्या टेबलावरची कात्री त्यानं माझ्या हातात दिली.

मी कापलं, आंटी. ताऱ्यापासून खालचं सगळं, वेळ आणि जागेसकट.

त्यानं नाही. मी! ठाण्याच्या दोन खोल्यांत वाढले मी, अ‍ॅडजस्ट करणं म्हणजेच चांगुलपणा असं शिकले. शेजारी शिमगा, गणपती, उरूस, आणि शनिवारी आमच्या घरात शब्बाथ; कुणी कुणाचं काही कापलं नाही. त्यामुळे अशी सुरुवात कशी मऊ आवाजात होते, ते मला ओळखताच आलं नाही. तुझ्या वडिलांच्या वर्गातल्या माणसानंही घडी नीटच घातली होती की! तू असतीस तर त्या कात्रीकडे बघूनच ओळखलं असतंस.

घरी तमारनं विचारलं, "आई, यू कट द पार्ट दॅट टेल्स पीपल व्हेअर टु कम?" सोळा वर्षांच्या मुलीला कळलं. मी म्हटलं, "बाबा फोन करतायत ना सगळ्यांना."

सॅमनं केले फोन. त्या दिवशी बर्फाळ पाऊस होता, रस्ते काचेसारखे झाले होते. तरी स्कारबरोहून, ब्रॅम्प्टनहून आपल्या लोकांतले सहा जण आले. सॅम सात. प्रार्थना चालवणारे हझान आठ. सिमेटरीच्या ऑफिसातला एक जण ज्यू निघाला, तो नऊ. दहावे निघाले होते, त्यांची गाडी हायवेवर घसरून कडेला अडकली. आम्ही थांबलो. अर्धा तास, पाऊण तास. पुढच्या दफनाची माणसं येऊन उभी राहिली. मी हझानांना म्हटलं, मी आणि तमार धरून अकरा होतो, मोजा ना आम्हाला! ते म्हणाले, तिनंच लिहून ठेवलंय, आजोबांच्या पद्धतीनं करा म्हणून. हो, त्या पद्धतीत बायका मोजायच्या नाहीत. याबद्दल तुझ्याशी मी वेगळं भांडणार आहे! पण तुझी इच्छा मोडवेना. शेवटी त्यांनी स्तोत्र म्हटलं आणि माती टाकली. कद्दीश नाही. तुझ्या आजोबांसारखीच गेलीस तू.

तरी मी स्वतःची समजूत घातली होती. हवामान वाईट होतं, नशीब वाईट होतं, कुणाचाच इलाज नव्हता. आज दुपारपर्यंत.

आज मी तो अर्धा कागद काढायला बोर्डापाशी गेले. शेजारी वॉकर धरून नवव्या मजल्यावरचे मिस्टर फेल्डमन उभे होते. तू ओळखायचीस त्यांना, हवेपाण्याच्या गप्पा मारायचात दोघं. ते म्हणाले, "छान बाई होती. मी रोज वाचायचो हे. कुठल्या चर्चमध्ये झालं?"

मी म्हटलं, "चर्च? ती ज्यू होती."

त्यांनी वॉकरचा दांडा घट्ट धरला. मग हळूच, आजूबाजूला बघून, अगदी तुझ्यासारखंच बघून, म्हणाले, "मीपण." आणि कागदावर बोट ठेवून, "मी घरीच असतो. दिवसभर. मला कुणी सांगितलं असतं तर मी आलो असतो."

दहावा माणूस तुझ्या दोन मजले खाली होता, आंटी! रोज तोच कागद वाचत होता, आणि त्याला जे वाचायचं होतं तेच मी कापून कचऱ्यात टाकलं होतं. मी त्यांच्यासमोर लॉबीत उभी राहून रडले. मॅनेजरनं काचेतून पाहिलं आणि टिश्यूचा बॉक्स घेऊन आला. तो बॉक्स मी घेतला नाही.

अकरा वर्षं तुम्ही दोघं एका लिफ्टमधून वरखाली करत होतात. स्नो पडणार का, यावर बोलत होतात. त्यांच्याही घराच्या नंबरापुढे बझरवर 'ऑक्युपाइड'. तो हुकूमशहा मरून जमाना झाला, त्याचे कायदे रद्द झाले, आणि तरी त्यानं तुम्हा दोघांना कॅनडातल्या एका लिफ्टमध्ये एकमेकांपासून लपवून ठेवलं! याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावर काढते आहे, कारण तू ऐकून घ्यायचीस. तुझी भीती खोटी नव्हती, हे मला आता मान्य आहे. पण मला विश्वासानं सांगितलंस, तसं त्यांना एकदा सांगायचंस ग. एकदा तरी.

आता मी काय करणार आहे ते सांगते. पुढच्या रविवारी तुझा तिसावा दिवस. आमच्याकडे ठाण्याला कुणी गेलं की एक जण घरोघर जाऊन खबर द्यायचा, उंबऱ्याशी उभा राहून पूर्ण नाव घ्यायचा. शनिवारी शब्बाथ संपला की मी आणि तमार निघणार, विसाव्या मजल्यापासून खालपर्यंत, एकेक दार. कागद नेणार नाही. तोंडानं सांगणार: लिया वाल्दोर्सा, अकराव्या मजल्यावरची, ज्यू होती, वारली, उद्या सकाळी दहा वाजता आमच्या घरी कद्दीश आहे. मिस्टर फेल्डमन येणार आहेत, त्यांनी मला दोनदा वेळ विचारली. हझानांना मी सांगून ठेवलंय, दहा झाले की आधी आंजेलो वाल्दोर्सांसाठी म्हणायचं, मग तुझ्यासाठी. या वेळी जमले नाहीत तर पुढच्या रविवारी पुन्हा फिरेन, आणि त्याच्या पुढच्या.

दारं ठोठावायला परवानगी लागते, असं मॅनेजरचं ईमेल आलंय. त्याला मी उत्तर लिहिलं नाही. वीस मजले झाले की शेवटचं दार त्याच्याच ऑफिसचं आहे, आणि तिथं तर मी सगळ्यात मोठ्यानं सांगणार आहे.

तुझी शेजारीण,
११०६ मधली,
रिबका पेणकर