भट्टीमागची अरुंद वाट

आप्पा, तुम्ही कधी विचारले नाहीत, म्हणून मीही आजवर सांगितले नाही.

पिंपरीच्या माळावर तो कारखाना नुकताच उभा राहिला होता. तुम्ही भट्टीखात्यात मुकादम, मी साहेबांच्या कचेरीत टंकलेखक. साहेब परदेशी, त्यांना मराठी येत नसे. मुकादमाने तक्रार स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहावी आणि मी ती टंकित करून आत न्यावी, असा शिरस्ता होता. अशुद्ध कागद मी आत नेत नसे. हा नियम साहेबांचा नव्हता, माझा होता.

त्या सोमवारी टोपी काखेत धरून तुम्ही माझ्या टेबलापुढे उभे आहात. भट्टी आणि भिंत यांमधून भरलेली ढकलगाडी जाते तेव्हा माणसाला अंग चोरण्यापुरतीही जागा उरत नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे : ‘द वे इज नॉट इनफ वाइड.’ मी लाल पेन्सिलीने ती ओळ कापतो.

“‘नॉट वाइड इनफ.’ पुन्हा लिहून आणा.”

“आरं, पर सायबाला उमगंल की!”

“उमगणे वेगळे, शुद्ध असणे वेगळे, आप्पा.”

शेजारचा हिशेबनीस खिदळला, “काय मुकादम, लेकानंच नापास केलं?”

तुम्हीही हसलात, कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. “मास्तर हाय त्यो आमचा. उद्या देतो ल्हिवून.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही ती ओळ गिरवत बसला होतात. सुट्टी संपली, भरलेली गाडी उतारावरून मागे घसरली आणि मराठवाड्यातून आलेला तुमच्या टोळीतला हमाल भिंतीशी चिरडला. तुम्ही धावलात, तेव्हा कागद मुठीतच होता.

चौकशीत साहेबांनी विचारले, धोक्याची लेखी सूचना आधी आली होती काय? तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मी आवक नोंदवही उघडली आणि निर्दोष इंग्रजीत उत्तर दिले : नाही. तो कागद तुम्ही पुढे केला नाहीत. कामावरून तुम्हाला काढले. घरी आईला एवढेच म्हणालात, “माजीच चूक. ल्हियाला येळ लावला.” त्यानंतर सहीपुरतीसुद्धा तुम्ही लेखणी धरली नाहीत, अंगठा उठवू लागलात.

पुढे निवृत्तीपर्यंत मी इतरांची वाक्ये दुरुस्त केली, आणि त्याबद्दल माझा लौकिकही झाला. हे पत्र कोणाच्याही हाती पडणार नाही, म्हणूनच लिहू शकतो. तुमची ती अशुद्ध ओळ मला पहिल्याच वाचनात पूर्णपणे समजली होती.