दुसरी चटई

१२ जानेवारी

मुख्याध्यापिका सुधाताईंनी आज माझ्यासाठी स्वतःहून चहा मागवला. मी तेव्हाच सावध झाले.

"मडावीबाई, यंदा वसंतपंचमीला पाटीपूजनाला तुम्हीही बसा. नव्या मुलांचा हात धरून 'श्री' गिरवून घ्यायचा."

इतकी वर्षं हा मान भालचंद्र गुरुजींचा. माझ्याकडे फाटकातली गर्दी आणि चपला. नागपूरची बी.ए., बी.एड. मी — चपला! आणि यंदा एकदम हे?

हो म्हटलं. कारण शोधून काढायचंच आहे.

१४ जानेवारी

सुधाताईंचा फोन. हळदीकुंकवाला हरिशंकरपुरम कॉलनीत त्यांच्या घरी या म्हणे. पहिल्यांदाच! गेले नाही.

१६ जानेवारी

सापडलं कारण. ऑफिसातल्या शिखाच्या पोटात काही राहत नाही. "मॅडम, आपकी तो बड़ी फोटो लगेगी! मंगळवारी, सत्तावीसला भोपाळहून चौकशीची टीम येतेय ना. ड तुकडीला वेगळं बसवतात अशी कंप्लेंट झालीय."

ड तुकडी. सायकल स्टँडमागे पत्र्याची खोली, पंखा नाही, सगळी सहरिया मजुरांची मुलं. कायम माझ्याच गळ्यात — "तुमचीच ना ती मुलं!" माझी कशी? मी चंद्रपूरची गोंड, ती शिवपुरीकडची. बोली वेगळी, देव वेगळे. पण स्टाफरूमच्या लेखी आदिवासी तेवढे सगळे एकच. प्रार्थनेला सुधाताई सांगतात, ड तुकडीविषयी मनात करुणा ठेवा. करुणा नको. पंखा द्या!

टीमला सगळं सांगणार आहे.

२३ जानेवारी

दोन चटया. गुरुजींपुढे रांग थेट फाटकापर्यंत. माझ्यापुढे कोणी नाही. एक छोकरा माझ्याकडे धावला, तर आईने दंड धरून ओढला. "यहाँ नहीं, उधर, पंडितजी के पास!"

फोटोवाला ताटकळला. शेवटी शिखाने ड तुकडीतली तिसरीतली एक मुलगी आणून माझ्यापुढे बसवली. म्हटलं, "हिला जोडाक्षरं येतात. हिचा हात कशाला धरू?" मुलगी खुदकन हसली. फोटोवाला वैतागून निघून गेला.

गर्दी पांगल्यावर चटई गुंडाळायला घेतली, तेवढ्यात सुधाताई आपल्या नातवाला घेऊन आल्या. ध्रुव, पाच वर्षांचा. त्यांनी त्याचा हात माझ्या हातात दिला. मऊ मूठ. दोघांनी मिळून 'श्री' गिरवला. मी दोनदा मागे वळून पाहिलं — कॅमेरा नाही. बघायला कोणीच नाही!

माणूस ओळखण्यात चुकले की काय मी? इतकी वर्षं?

मंगळवारी काय आणि किती बोलायचं, पुन्हा विचार करते.

२४ जानेवारी

ध्रुव आजीबरोबर शाळेत आला होता. मला बघताच पळत आला. "बाई, मेरा तो पहले ही हो गया था! काल सकाळी गुरुजी घरी आले होते ना, त्यांनी केलं, असलीवालं. आजी बोली, बाईंना सांगू नको, बेचारी को बुरा लगेगा."

म्हणजे फोटोसाठी नव्हतंच ते. माझ्यासाठी होतं. करुणा!

मंगळवारी टीमला सायकल स्टँडमागे मी स्वतः घेऊन जाणार.