वहिनी, तुमच्यावर दावा लावला आहे

पिंप्राळा, जळगाव
१८ फेब्रुवारी १९९२

आदरणीय बेबावहिनी यांस सुनंदाचा सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? तेल चोळायला विसरू नका. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, निदान तब्येतीनं. हे पत्र बसून वाचा आणि आधी चहा घ्या. येत्या काही दिवसांत कोर्टाचा बेलिफ तुमच्या दारात समन्स घेऊन उभा राहील. मी तुमच्यावर दावा लावला आहे असं त्यात लिहिलेलं असेल. तेवढं खरं आहे. पुढचं सगळं खोटं आहे. तुम्ही दचकू नका, मला बसलेला धक्का दोघींना पुरेल एवढा आहे.

मूळ काम तुम्हाला ठाऊकच आहे. पिठाच्या गिरणीसाठी तुम्ही कर्ज मागितलं आणि बँकेनं ते अडवलं, कारण धुळ्याच्या घरावर आबांच्या मागे भाऊच्या जोडीनं माझंही नाव लागलेलं. (भाऊ गेला, त्याच्या जागी तुमचं नाव आलं. माझं मात्र तिथंच राहिलं, फोटो काढून नेल्यावर खिळा राहतो तसं.) मी म्हटलं, त्यात काय, माझं नाव काढून टाकू. एका ओळीचं काम. ती ओळ नीट कशी लिहायची एवढंच विचारायला मी वकिलाकडे गेले. शाळेत पोरांना अर्ज लिहायला शिकवणारी मी, स्वतःच लिहिला असता तर आज तुम्हाला तोंड दाखवता आलं असतं.

वकील म्हणजे जीवरामनाना, मूळचे एरंडोलचे, आमच्या ह्यांच्या मावसभावाच्या सोयरिकीतले. फी विचारली तर नाना हसले आणि म्हणाले, आपल्या माणसाकडून काय घ्यायचं. हे खूश झाले. मीही झाले. वहिनी, वकील फी सांगत नाही तेव्हाच पायात चपला घालाव्यात, हे मला आता कळलं. नाना आपल्या माणसाकडून काही घेत नाहीत हे अगदी खरं आहे. जे काय घ्यायचं ते दाराबाहेर टेबल टाकून बसलेला त्यांचा कारकून भटू घेतो. वकीलपत्राचे वेगळे, टाइप करण्याचे वेगळे, टाइप केलेलं वाचून दाखवण्याचे वेगळे. कोर्ट धुळ्याचं, म्हणून प्रत्येक तारखेला नानांचं येण्याजाण्याचं भाडं वेगळं, आणि तारीख पुढे ढकलली तरी ते द्यायचंच. का, तर नाना गेले होते ना. मी म्हटलं, मग मी स्वतःच जाऊन तारीख पुढे ढकलून येते. भटू माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मीच त्याच्या खिशात हात घातला होता.

आता दावाच का, साधा कागद का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. नाना म्हणाले, हक्कसोड लिहून दिलं तर उद्या तुमची मुलं कुरकुर करतील. त्यापेक्षा तुम्ही वहिनींवर वाटणीचा दावा लावा, मग दोघी तडजोड करा, तुम्ही घर सोडा, आणि त्यावर कोर्टाचा हुकूमनामा घ्या. म्हणजे तुम्हाला घर द्यायचं तर आधी मी ते तुमच्याकडून मागायचं. मला काही मागायचंच नाही, मी म्हटलं. मग दावा कशाचा, नाना म्हणाले. बरं, यात मी हरले की काम झालं ना? हो. मग हरण्याची फी कमी असेल? नाना पहिल्यांदाच गंभीर झाले. "ताई, जीव ओतून हरावं लागतं," ते म्हणाले, "मेहनत तेवढीच."

त्यात तुम्हालाही वकील हवाच, मी ज्यांच्याविरुद्ध हरणार ते. धुळ्याचे चुडामण वकील नानांनीच सुचवले. त्यांची फीही माझ्याकडेच आली, कारण घर देणारी मी. दोन्हीकडून मीच लढते आहे, वहिनी, आणि दोन्हीकडून पावती मागायची मला भीती वाटते.

पण खरा धक्का दावा वाचताना बसला. नानांनी विचारलं होतं, शेवटचं धुळ्याला कधी गेला होता आणि त्या दिवशी काय घडलं. मी भाबडेपणानं सांगितलं. नाताळच्या सुट्टीत गेले होते. वहिनींनी अंगणात वांगी भाजली, आईच्या लाकडी बडगीत भरीत ठेचलं, नको नको म्हणताना मला तिसरी कळण्याची भाकरी वाढली, साडी दिली, आणि रडत रडत स्टँडवर पोचवायला आल्या. नाना मान डोलवत ऐकत होते. कागदावर उतरलं ते असं: प्रतिवादीने वादीस तिच्या इच्छेविरुद्ध वागवले, तोंडदेखली साडी देऊन हिश्श्याबाबत गप्प बसवले, आणि घरातून काढून थेट बसस्थानकापर्यंत घालवून दिले. तुम्ही लोभी आहात, कारस्थानी आहात, आणि (हे लिहितानासुद्धा हात थांबतो) भाऊच्या आजारपणाचा फायदा घेऊन तुम्ही घर बळकावलंत, असंही होतं.

ते वाचून मी खुर्चीतून उठले. भाऊच्या उशाशी रात्र रात्र बसलेल्या बाईबद्दल हे मी लिहायचं? मी म्हटलं, ही ओळ काढा. नाना म्हणाले, असं सगळ्याच दाव्यांत असतं, कोणी मनावर घेत नाही. मी ठाम राहिले. शेवटी ओळ काढली, पान पुन्हा टाइप झालं, आणि भटूनं त्याचे पैसे लावले. आयुष्यात दिलेल्या सगळ्या पैशांत तेवढेच मला जड वाटले नाहीत. बाकीचं मात्र तसंच आहे. वाचलंत तर मला तोंडावर म्हणा, "बठ्ठं खोटं शे", आणि मग जेवायला वाढा.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी येईन आणि तुमच्याकडेच उतरेन. सकाळी दोघी एकाच रिक्षानं कोर्टात जाऊ. (नाना म्हणाले, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, दुसऱ्या रिक्षाचं भाडं कोण देणार?)

तुमची,
वादी सुनंदा

ता. क. समन्सवर सही करा. बेलिफाला चहा द्या, त्याचा काही दोष नाही. गिरणी बसली की पहिलं दळण माझं.

ता. क. दुसरा. दाव्याच्या शेवटी सामानाची यादी आहे. तांब्याचा बंब, दोन पलंग, शिवणयंत्र, सगळं नानांनी मनानं घातलं, त्यातलं काही मला नको. तुमची कैफियत लिहिताना सगळं नाकबूल करा. फक्त शेवटून दुसरी ओळ, 'लाकडी बडगी एक', ती मी सांगून घातली. आईचा हात लागलेली तेवढीच वस्तू उरली आहे. इतकी वर्षं समोर बसून मागायला जीभ रेटली नाही, म्हणून कोर्टातून मागते आहे. तुमचाही जीव तिच्यात असेल तर ती ओळही नाकबूल करा, मी हूं की चूं करणार नाही.

ता. क. तिसरा. द्यायचीच ठरली तर तारखेच्या आदल्या रात्री जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवा. नानांच्या देखत नको. ते तिला तडजोड म्हणतील, आणि तडजोडीचे पैसे वेगळे आहेत.