दारावरचं स्टिकर

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. तू ते आधी वकिलाला दाखवशील.

बँकेचा माणूस आज माझ्या दुकानात आला होता, उद्या तुझ्याकडे येईल. दोन्ही दुकानांचं कर्ज विकायच्या मालाच्या तारणावर, म्हणून तो फ्रिज मोजतो. तो गेला की माझे फ्रिज टेम्पोने तुझ्याकडे पाठवायचे, म्हणजे तेच पुन्हा मोजले जातील, असा तुझा हुकूम. मागच्या वेळी मी आजारी असताना तू हेच केलंस. वर तसं मिळवलेल्या कर्जातून तुझ्या कंपनीने माझ्या दुकानाला पैसे उसने दिले आणि तू सख्ख्या बहिणीला व्याज लावलंस!

"ऐकलं नाहीस तर पैसे परत मागेन," म्हणालास. खुशाल माग. आधी बँकेचं फिटेल, मग तुझं. बँकेच्या करारावर तशी सही तूच केली आहेस.

मी त्या माणसाला चहा दिला आणि प्रत्येक फ्रिजच्या दारावर, तो मोजून झाल्याचं बँकेचं स्टिकर लावून घेतलं. तो म्हणाला, "ताई, हे कोणी स्वतःहून मागत नाही हो."

आता पाठव तुझा टेम्पो. स्टिकर निघत नाही, मी नखाने खरवडून पाहिलंय.

तुझीच, पण आता न ऐकणारी,
धाकटी