लांबलेली सफसारी

अल जेम, ४ नोव्हेंबर १९९८

चि. तय्यब यास वसीलाताईचे अ. उ. आ.

तुझ्या हट्टापायी एकदाची सूसच्या इस्पितळात जाऊन हाडांची घनता मोजून आले. कंबरेवरून यंत्र फिरलं आणि अहवाल काय म्हणतोस, झकास! डॉक्टरीणबाई म्हणाली, अडुसष्टाव्या वर्षी पाठीची हाडं इतकी भरीव क्वचितच दिसतात. आता शिडीवरून मला बोलणं बंद कर. पंधरा तारखेला आईच्या ऑलिव्हच्या झाडाच्या शेंड्यावरची फळं मीच उतरवणार. बकरीची शिंगं बोटांत चढवून ऑलिव्ह ओरबाडायला या घरात दुसरं आहे कोण? तू तर स्टुलावर चढलास तरी तुला गरगरतं!

पाठ जरा कुरकुरते, ते चालायचंच. नव्या परटिणीने मात्र माझी लग्नातली सफसारी, ती अंगभर घ्यायची रेशमी चादर, पार ताणून ठेवली. डोक्यावरून घेतली की घोट्यापर्यंत यायची, ती आता जमिनीवर लोळते. दोनदा पायात आली. चांगली खरडपट्टी काढली मी तिची.

मुलांना पापे. ताईची आठवण ठेव.

तुझी,
वसीलाताई

ट्यूनिस, ८ नोव्हेंबर

ती. वसीलाताईस तय्यबचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं, धुऊन धुऊन रेशीम आटेल, वाढेल कसं? सफसारी लांबली नाही ताई, तू बुटकी झालीस!

इथल्या हाडांच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, मणके खचले, किंवा वयाने त्यांच्यावर चुन्याचे थर चढले, की यंत्राला पाठ घट्टच दिसते. त्यांनी मनगटाची घनता मोजायला आणि पाठीचा साधा एक्स-रे काढायला सांगितलंय. आधी भिंतीला टाचा लावून उंची तरी मोज.

तोवर शिडीला हात लावलास तर माझी शपथ. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पडू नकोस गं. आई गेल्यावर माझी आई तूच झालीस.

राग आला तरी माया कमी करू नये.

तुझा,
तय्यब

अल जेम, २६ नोव्हेंबर

चि. तय्यब यास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा शिडी झाडाला टेकवून झाली होती. दिवसभर तुझ्यावर धुमसत होते. संध्याकाळी गुपचूप भिंतीशी उभी राहिले. हजच्या पासपोर्टात उंची एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटर, आणि भिंतीवर भरली एकशे बावन्न. खोटं कशाला बोलू, रडले मी.

मग दोन्ही तपासण्या केल्या. दोन मणके खचलेत, मनगटाचं हाड विरलंय. औषध सुरू झालंय. शिडी मात्र कायमची बंद. परटिणीला तेलाची बरणी नेऊन दिली आणि माफी मागितली. ती बिचारी हसत होती.

आईच्या झाडाच्या शेंड्यावरची फळं तशीच काळी होऊन लोंबताहेत. परक्याचा हात त्याला लागू द्यायचा नाही, म्हणून शिडीही मी काढलेली नाही. तर तू ये. लहानपणी मी वर चढले की तू खाली उभा राहून रडायचास, ताई पडेल म्हणून. शिडी शेजारचा मोन्सफ धरेल. तू खाली बघू नकोस, मी तिथेच उभी असेन.

वाट बघते आहे.

तुझी बुटकी,
वसीलाताई